सूर विझेपर्यंत

पियानोचं वरचं झाकण उघडलं की आत कडेला बहुतेक वेळा एक पुठ्ठ्याचं कार्ड सापडतं. जपानमध्ये पियानो सुरात लावणारा कारागीर काम आटोपल्यावर त्यावर तारीख, सुराची उंची आणि एखादा शेरा लिहून ठेवतो. कानागावा प्रांतातल्या एका घरातल्या कार्डावर पहिली नोंद १९८६ची होती. त्यानंतर दर जूनमध्ये एक, अगदी नेमानं. हस्ताक्षरं तीन. शेवटची नोंद हेइसेइ ११ची, म्हणजे १९९९ची. त्याखाली सगळं कोरं. मी पियानो लावायला गेले ते साल होतं २०२१.

ही कार्डं वाचायची मला सवयच लागली आहे. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा पियानो घरात आला आणि ती शिकायला परगावी गेली तेव्हा मुका झाला, हे कोणी सांगावं लागत नाही. त्या घरातल्या आजींनीही सांगितलं नाही. चहा ठेवता ठेवता त्या एवढंच म्हणाल्या, "नात आली आहे राहायला. तिला 'चिहिरो'तलं ते वाजवायचंय."

'ते' म्हणजे कोणतं, हे मी विचारलं नाही. पियानो लावणाऱ्याला इथं 'चोरित्सुशी' म्हणतात. जपानमधल्या कोणत्याही चोरित्सुशीला 'ते' म्हणजे काय हे ठाऊक असतं.

मी मूळची मिरजेची. आमच्या घरापासून सतारमेकर गल्ली चार पावलांवर. तिथल्या एका चाचांचा कारखाना म्हणजे रस्त्याकडे उघडणारी एक खोली. शाळा सुटली की मी तिथं जाऊन बसे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे आढ्याला टांगलेले असत. चाचा जवारी काढत. घोडीचा माथा कानशीनं केसभर घासायचा, तारेखाली सुताचा धागा सरकवायचा, तार छेडायची आणि मग गप्प बसायचं. मी काही विचारायला तोंड उघडलं की त्यांचं बोट वर होई. "थांब की गं. अजून संपला न्हाई त्यो."

तो म्हणजे सूर. तार छेडताक्षणी काय ऐकू येतं यापेक्षा ती विझताना काय ऐकू येतं, यावर तंबोऱ्याची पारख होते. एवढं मला दहाव्या वर्षी कळलं होतं. त्याचा पुढे काही उपयोग होईल असं मात्र वाटलं नव्हतं.

पुण्यात जपानी शिकले, दुभाषी म्हणून एका कारखान्याच्या कामावर जपानला आले. यंत्रांच्या सुट्या भागांची भाषांतरं करण्यात तीन वर्षं गेली. आमच्या वसतिगृहाच्या खालच्या दालनात एक जुना उभा पियानो होता. तो लावायला वर्षातून एकदा एक गृहस्थ येत. ते एक पट्टी दाबून, डोळे मिटून वाट पाहत बसलेले मी एकदा पाहिले आणि मला थेट चाचा आठवले. तिशीला टेकल्यावर नोकरी सोडली आणि हामामात्सुला दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. तोराकुसु यामाहा यांनी १८८७मध्ये बिघडलेला ऑर्गन दुरुस्त केला तो याच गावात, आणि कावाईचा कारखानाही १९२७मध्ये इथंच उभा राहिला. मिरजेला जसा तंबोरा, तसा हामामात्सुला पियानो. गावाच्या पोटापाण्याची गोष्ट.

पियानोला पट्ट्या ८८, तारा मात्र सव्वादोनशेच्या आसपास. मधल्या आणि वरच्या प्रत्येक सुराला तीन-तीन तारा असतात आणि त्या तिन्ही एकजीव व्हाव्या लागतात. जरा फरक राहिला तर सूर सरळ न जाता हेलकावे खात जातो. जपानी कारागीर त्या हेलकाव्याला 'उनारी' म्हणतात. आमचं सगळं काम या उनारीशी. एकाच सुराच्या तीन तारांमध्ये ती मुळीच नको, दोन वेगळ्या सुरांमध्ये मात्र मोजून ठेवायची. मधल्या 'सी'च्या खालचे 'एफ' आणि 'ए' एकत्र वाजवले तर सेकंदाला सुमारे सात हेलकावे यायला हवेत.

इथंच माझी पंचाईत झाली. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गंधार माझ्या कानात बसलेला. पियानोचा गंधार त्याहून सुमारे १४ सेंट चढा, म्हणजे अर्ध्या स्वराचा जवळजवळ सातवा हिस्सा. मी नकळत तो उतरवत असे, शिक्षक पुन्हा चढवत. "गोड आहे," ते एकदा म्हणाले, "पण सा दुसरीकडे नेलास की संपलं." बाराही स्वरांना सा होण्याचा हक्क द्यायचा, तर प्रत्येकानं थोडा थोडा खोटेपणा वाटून घ्यायचा, असा पियानोचा करार आहे. तो मान्य करायला मला अख्खं वर्ष लागलं.

काम संपल्यावर गिऱ्हाइकाला बसवून "काहीतरी वाजवून बघा" म्हणायचं, ही आमची पद्धत. शोपँ वाजवणारे भेटतात, बाख वाजवणारेही भेटतात. पण "आता काही येत नाही हो" असं म्हणत, एप्रनला हात पुसत बसणारी माणसं जे वाजवतात, ते बहुधा जपानी चित्रपटांतल्या चार रचनांपैकी एक असतं. 'स्पिरिटेड अवे'च्या, म्हणजे आजींच्या 'चिहिरो'च्या, सुरुवातीचं 'आनो नात्सु ए', म्हणजे त्या उन्हाळ्याकडे. 'हाउल्स मूव्हिंग कॅसल'मधलं वॉल्ट्झ, आयुष्याचं मेरी-गो-राउंड. 'लापुता'मधलं 'किमि ओ नोसेते', जे शाळाशाळांतून समूहगान म्हणून गातात. आणि 'तोतोरो'तलं वाऱ्याच्या वाटेचं. चारही जो हिसाइशी यांच्या.

हे घेतलेलं नाव. मूळचे मामोरु फुजिसावा, जन्म १९५०, नागानो प्रांतातला. अमेरिकी संगीतकार क्विन्सी जोन्स यांच्या नावाचा जपानी उच्चार ज्या अक्षरांनी लिहिता येतो, तीच अक्षरं 'हिसाइशी' अशीही वाचता येतात, म्हणून ते नाव. कुनिताची संगीत महाविद्यालयात शिकताना त्यांना टेरी रायली, स्टीव्ह राइश, फिलिप ग्लास यांच्या संगीतानं ओढून घेतलं. एक लहानसा स्वरसमूह घ्यायचा आणि तो पुन्हापुन्हा वाजवत, ऐकणाऱ्याच्या नकळत बदलत न्यायचा, हा त्या संगीताचा गाभा. १९८३मध्ये 'नाउसिका' चित्रपट तयार होण्याआधी, केवळ कल्पनेवरून रचलेल्या संगीताची तबकडी काढायची होती. ते काम त्यांच्याकडे आलं. ती ऐकल्यावर दिग्दर्शक हायाओ मियाझाकी आणि निर्माते इसाओ ताकाहाता यांनी चित्रपटही त्यांच्याकडेच सोपवला. १९८४च्या 'नाउसिका'पासून २०२३च्या 'द बॉय अँड द हेरॉन'पर्यंत मियाझाकींच्या प्रत्येक मोठ्या चित्रपटाचं संगीत हिसाइशींचं आहे. लोक तर मियाझाकींच्या जिब्ली स्टुडिओचं प्रत्येक गाणं त्यांच्या खात्यावर मांडतात. 'स्पिरिटेड अवे'चं शेवटचं गाणं यूमी किमुरा यांचं आहे आणि त्यांनीच ते लायर छेडत गायलंय, हे सांगितलं की गिऱ्हाइकं माझ्याकडे संशयानं बघतात.

जुन्या जपानी शाळागीतांची एक खोड आहे, सप्तकातला चौथा आणि सातवा स्वर गाळायची. तिला 'योना-नुकि' म्हणतात, अक्षरशः 'चार-सात गाळून'. मध्यम आणि निषाद वर्ज्य, म्हणजे आपला भूप. हिसाइशींच्या चालींतून ही पाच स्वरांची चाहूल अधूनमधून लागते, आणि खाली मात्र पाश्चात्त्य स्वरजुळण्या चाललेल्या असतात. वाऱ्याच्या वाटेचं ते मी एकदा फोनवर आईला ऐकवलं. "कुठल्या पिक्चरातलं गं? आपल्याकडचंच वाटतंय की," ती म्हणाली.

सगळ्यांना येणारं, कानाला चटकन बसणारं, मग सोपंच असणार, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. माझी ती समजूत २०१५च्या पावसाळ्यात मोडली.

पियानोच्या दुकानातल्या नोकरीचं दुसरं वर्ष. एका लहान शहराच्या सार्वजनिक सभागृहात दुपारी हौशी वादकांचा कार्यक्रम होता आणि तिथला ग्रँड पियानो लावायला मला दोन तास मिळाले होते. बाहेर पाऊस, आत दमट हवा. शेवटची तपासणी मी भराभर केली. खालपासून वरपर्यंत सप्तकं पळवली, दोन्ही हातांनी मोठ्या स्वरजुळण्या ठोकल्या. पियानो कसा खणखणीत बोलत होता. गाडी चुकू नये म्हणून मी हत्यारं आवरली.

संध्याकाळी दुकानात फोन आला. सभागृहाचे व्यवस्थापक फार अदबीनं बोलत होते. "आमच्याच कानाची चूक असेल, पण एक सूर जरा झुलतोय."

झालं होतं ते असं. पहिल्या तिघांनी वेगवान तुकडे वाजवले, कोणाला काही जाणवलं नाही. चौथी आली ती चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, 'आनो नात्सु ए' घेऊन. ती रचना एकट्या पियानोनं सुरू होते. काही स्वर एकत्र, आणि मग थांबणं. पुन्हा काही स्वर, पुन्हा थांबणं. त्या थांबण्यात माझी एक तार सभागृहभर हेलकावत राहिली. तार ताणताना खुंटीला पीळ बसतो. तो सोडवून खुंटी स्थिर केली नाही, तर तासा-दोन तासांनी सूर सरकतो. मी ती स्थिर केली नव्हती. मुलीनं शेवटपर्यंत वाजवलं, वाकून नमस्कार केला आणि आत जाऊन रडली म्हणे. तिला वाटलं, आपलंच काही चुकलं.

दुसऱ्या दिवशी दुकानातले वरिष्ठ माझ्याबरोबर आले. रागावले नाहीत. बाकावर बसून त्यांनी एक पट्टी दाबली आणि ती पुरती शांत होईपर्यंत हात मांडीवर ठेवले. मग पुढची. मग त्याच्या पुढची. दहा-बारा पट्ट्यांनंतर ती सापडली. उठताना म्हणाले, "काल तू वाजवलंस पुष्कळ, ऐकलंस थोडं." मला मिरजेतलं ते वर झालेलं बोट दिसलं.

त्यानंतर या रचनांकडे मी कारागिराच्या कानानं बघायला लागले. झपाट्याच्या तुकड्यात एका सुराची चूक पुढचा सूर झाकून टाकतो. हिसाइशींची पियानोवरची पानं उघडी असतात. डावा हात एकसारखा वाहतो, उजवा मधल्या सप्तकांत एखादी साधी ओळ मांडतो आणि पायाखालचा पेडल तारा मोकळ्या ठेवतो. मोकळ्या तारा एकमेकींच्या सुरानं आपोआप बोलू लागतात, तंबोऱ्यासारख्या. लपायला जागाच उरत नाही. आता कोणताही पियानो लावून झाला की मी त्या सुरुवातीच्या जुळण्या सावकाश वाजवून बघते. सप्तकं पळवत नाही.

सुरांबरोबर आवाजाचा पोतही तपासावा लागतो. पियानोची तार लोकरीच्या नमद्यानं मढवलेली हातोडी मारते. वर्षानुवर्षांच्या माऱ्यानं नमदा घट्ट होतो, त्यावर तारेचे चर पडतात आणि आवाज टोचायला लागतो. मग सुया टोचून तो मोकळा करायचा. जास्त टोचलं तर आवाज मेला. केसभर घासून थांबणारे चाचा इथंही मदतीला येतात. "जिब्लीसारखा मऊ करून द्या" असं सांगणारी गिऱ्हाइकं मला दर महिन्याला भेटतात. हातोड्या काढल्या तर मधल्या सप्तकांत चर खोल आणि दोन्ही टोकांना नमदा कोरा, हे दृश्य अशा घरांत नेहमीचं.

'हाउल'च्या वेळी मियाझाकींनी सबंध चित्रपटाला एकच मुख्य चाल मागितली होती. नायिका सोफी १८ वर्षांची असते, शापानं नव्वदीची म्हातारी होते, आणि तिचं वय प्रसंगागणिक मागेपुढे होत राहतं. चेहरा बदलला तरी माणूस तेच, हे चालीनं धरून ठेवायचं होतं. म्हणून ते वॉल्ट्झ कधी एकट्या पियानोवर, कधी पूर्ण वाद्यवृंदात, कधी नुसतं कुजबुजत येतं. एक लहानसा स्वरसमूह बदलत बदलत नेण्याचं विद्यार्थिदशेतलं ते वेड इथं कथेच्या कामी आलं, असं मला वाटतं.

न वाजवण्याचीही एक गोष्ट आहे. १९८६च्या 'लापुता'त लांबलांब प्रसंग संगीताविना आहेत. पुढे अमेरिकेसाठी इंग्रजी आवृत्ती करताना तिथल्या प्रेक्षकांना ती शांतता पेलणार नाही असं ठरलं आणि हिसाइशींना त्या जागा भरून नवं संगीत लिहावं लागलं. २००२मध्ये अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी मियाझाकींना त्यांच्या चित्रपटांतल्या निवांत क्षणांबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवून दाखवल्या. दोन टाळ्यांमधला वेळ म्हणजे 'मा', असं ते म्हणाले. आमच्या धंद्यात 'मा'चं कौतुक कोणी करत नाही, कारण आमचं कामच त्यात चालतं. सूर लावायचा तो हात थांबल्यावर.

हे संगीत मोठ्या वाद्यवृंदात गेलं तरी हा नियम सुटत नाही. ऑगस्ट २००८मध्ये तोक्योच्या बुदोकानमध्ये मियाझाकींबरोबरच्या २५ वर्षांनिमित्त हिसाइशींच्या मैफली झाल्या. वादक आणि गायक मिळून हजाराहून जास्त माणसं होती. मी त्या चित्रफितीवर पाहिल्या. एवढा समुदाय गर्जून थांबतो आणि हिसाइशी पियानोपाशी जातात. तेव्हा इतरांच्या डोळ्यांत पाणी येतं, माझ्या पोटात गोळा. हजार माणसांनंतरच्या त्या शांततेत ऐकू येणारा पियानो कुणाच्या तरी हातानं लावलेला असतो.

त्या गोळ्याची मला ओळख आहे. गावोगावचे हौशी वाद्यवृंद जिब्लीच्या मैफली करतात आणि मी काहींना पडद्याआड थांबते. मंचावर पियानो असेल तर सगळा वाद्यवृंद त्याच्याकडून 'ए' घेतो. घरी सेकंदाला ४४० कंपनं, इथं ४४२. व्हायोलिनवाला चालू कार्यक्रमात बोट सरकवून सावरू शकतो, पियानोला ती सोय नाही. दिव्यांच्या उष्णतेनं तारा सैलावतात, म्हणून मध्यंतरात मी खुंट्या पिळायची किल्ली घेऊन मंचावर जाते आणि पंधरा-वीस मिनिटांत घसरलेले सूर वर आणते. पोरं खाली बिस्किटं खात माझ्याकडे बघत असतात. त्यांना वाटतं, हाही कार्यक्रमातलाच भाग.

२०१८मध्ये पियानो लावणाऱ्या एका तरुणावरचा चित्रपट आला, नात्सु मियाशिता यांच्या 'लोकर आणि पोलादाचं रान' या कादंबरीवरून. लोकर हातोडीची, पोलाद तारांचं. दुकानातले आम्ही सगळे मिळून गेलो. शेवटची रचना हिसाइशींची आणि पियानोवर नोबुयुकी त्सुजिइ, जन्मापासून दृष्टिहीन असलेले. नावं सरकत होती, लोक उठत होते. आमची रांग मात्र बसून. शेवटचा सूर संपेपर्यंत कोणी हललं नाही, आणि बाहेर आल्यावर वरिष्ठ एवढंच म्हणाले, "चांगला लावला होता."

तर कानागावाचं ते घर. बावीस वर्षं न लावलेल्या पियानोचा 'ए' ४३१वर उतरला होता. आत दोन पेन्सिली, एक नाणं, कसर लागलेला नमदा. गंजट तारा एकदम ताणल्या तर तुटतात, म्हणून पहिल्या खेपेला ४३६पर्यंतच चढवल्या आणि कार्डावर तसं लिहिलं. सहा महिन्यांनी पुन्हा गेले, तेव्हा ४४०वर आणला आणि हातोड्यांना सुया टोचल्या. आजींना वाजवून बघा म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि नातीला हाक मारली.

सात-आठ वर्षांची पोर. बसली, बोटं मोजून ठेवली आणि 'आनो नात्सु ए'ची पहिली जुळणी दाबली. थांबली. मी दुसरीची वाट बघत होते. तिनं पुन्हा पहिलीच दाबली. पुन्हा थांबली. तिला पुढचं येत नव्हतं.

आजी माफी मागितल्यासारखं हसल्या. मी कार्डावर तारीख घातली, ४४० लिहिलं, शेऱ्याची जागा रिकामी ठेवली आणि दाराशी बूट घालायला बसले. आतून पुन्हा ती जुळणी आली. बुटाची नाडी तशीच हातात धरून मी ऐकत राहिले. सूर सरळ जात जात बारीक झाला, रस्त्यावरच्या सायकलीच्या आवाजाखाली गेला, आणि मग विझला. मी नाडी बांधली.